ऋचाला बोलव

माझी बायको मधुवंती सोळा डिसेंबरला गेली. सोमवार होता. आदल्या दिवशी सकाळी आमची मुलगी ऋचा अमेरिकेहून येऊन पोचली. तिने आईला पाहिलं, आईने तिला पाहिलं नाही. मधुवंती शुक्रवारपासून शुद्धीवर नव्हती.

इथे सिंगापुरात, नोव्हेनाच्या हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावर, लिफ्टच्या समोर, खांद्यावरची बॅग खाली न ठेवता ऋचाने मला विचारलं, "मला आधी का नाही बोलावलंस?"

मी म्हणालो, "आईच नको म्हणाली. परीक्षा होऊन जाऊ दे म्हणाली."

हे खोटं होतं. ठरवून बोललो नाही, तोंडातून निघालं. दुसऱ्या दिवशी मधुवंती गेली आणि मग ते परत कसं घ्यायचं ते मला कळेना.

खरं असं होतं. ऑक्टोबरमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की ऋचाला आत्ता सांगायला नको. डिसेंबरात सुट्टीला येईलच, तेव्हा समोर बसवून सांगू. तोवर पित्ताशयात खडे आहेत म्हणायचं. एवढं दोघांचं होतं. पुढचं माझं एकट्याचं. नोव्हेंबरच्या शेवटी ताप चढला म्हणून तिला ॲडमिट केलं. तीस तारखेला, शनिवारी, ती म्हणाली, "मनोहर, ऋचाला बोलव." मी म्हणालो, "दोन आठवड्यांवर परीक्षा आलीय तिची, होऊ दे." पाच डिसेंबरला, गुरुवारी, ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच म्हणालो, आणि नवीन औषध सुरू झालंय, त्याने उतार पडेल, असंही सांगितलं. अकरा तारखेला, बुधवारी दुपारी, तिने माझं मनगट धरलं. "ऋचाला बोलव रे."

मी म्हणालो, "बोलावलंय. निघालीय ती."

मी बोलावलं नव्हतं. फोन केला तो शुक्रवारी सकाळी, मधुवंतीचं बोलणं थांबल्यावर. बुधवार दुपारपासून शुक्रवार सकाळपर्यंत खोलीचं दार उघडलं की ती मान वळवून बघायची. नर्स असायची, नाहीतर जेवणाचा ट्रे आणणारी बाई.

असं का केलं याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे. मी कराडला डिप्लोमा करत होतो. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत, पेपरच्या दिवशी सकाळी, गावाहून माणूस आला. वडील गेले होते. मी तसाच एसटीत बसलो. पेपर बुडाला आणि वर्ष गेलं. पुढच्या वर्षी माझ्या वर्गातली अकरा मुलं पुण्याच्या एका कंपनीत लागली, मी त्यांच्या मागे राहिलो, आणि पुढची दहा वर्षं मागेच राहिलो. परीक्षा बुडणं म्हणजे काय, ते माझ्या अंगात मुरलं होतं.

ऋचाच्या कॉलेजात तसं नसतं, हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणणंही पूर्ण खरं नाही. मधुवंती त्याच कॉलेजात शिकली होती आणि तिने मला तिथल्या गोष्टी वीस-बावीस वर्षं सांगितल्या होत्या. मी त्या गंमत म्हणून ऐकल्या.

ते पेनसिल्व्हेनियातलं क्वेकर लोकांचं कॉलेज. नाव सांगून उपयोग नाही, अमेरिकेतही फार जणांना माहीत नसतं. हजार-बाराशे मुलं. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ आहे. त्यांच्या प्रार्थनेला पुरोहित नसतो, प्रवचन नसतं. सगळे गप्प बसतात, आणि कुणाला अगदी आतून बोलावंसं वाटलं तर तो बोलतो. मधुवंती पुण्याहून स्कॉलरशिपवर तिथे गेली, केमिस्ट्री शिकली, मेसमध्ये भांडी घासली. प्रोफेसरांना नावाने हाक मारायची. परीक्षेला पहारा नसायचा. पेपर पाकिटात मिळायचा. आपल्याला जमेल त्या दिवशी, आपल्या खोलीत बसून, घड्याळ लावून लिहायचा आणि नेऊन द्यायचा.

"आणि कुणी कॉपी करत नाही?" मी विचारायचो.

"कुणी बघत नसतं ना, म्हणून नाही करत."

"आमच्या कराडला ठेव ती पाकिटं एकदा. मग सांग."

तिथे मतदानही नसतं. एक जण जरी म्हणाला की मला हे पटत नाही, तर सगळे थांबतात आणि पुन्हा बोलतात. मधुवंतीने हे घरी आणलं. बुकित बातोकला हा फ्लॅट घेतला तेव्हा सोफा आणायला आम्हाला चार महिने लागले, कारण सहा वर्षांच्या ऋचाला निळा पटत नव्हता आणि का ते तिला सांगता येत नव्हतं. चार महिने आम्ही सतरंजीवर बसून टीव्ही पाहिला. मी तुआसच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बारा माणसं माझ्या हाताखाली. मी तिथे सांगतो आणि ते होतं. घरी तसं कधी झालं नाही. मी हसायचो, पण मला ते आवडायचं.

ऋचा आईच्याच कॉलेजात गेली. तिच्या खोलीच्या खिडकीतून आईचं जुनं वसतिगृह दिसायचं. ती दुसऱ्या वर्षाला होती.

डिसेंबरच्या शेवटी डीनचं पत्र आलं. ऋचा लॅपटॉप उघडा टाकून गेली होती, मी वाचलं. वाचायला नको होतं. तुझे चार पेपर पाकिटात ठेवलेले आहेत, असं त्यात होतं. जमेल तेव्हा लिही, मार्चमध्ये लिहिलेस तरी चालतील. आधी कळलं असतं तर तुला आम्हीच नोव्हेंबरमध्ये घरी पाठवलं असतं. पुढच्या सत्राला येणार की नाही, तेवढं दहा जानेवारीपर्यंत कळव.

मी ते तीनदा वाचलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो.

ऋचाने कॉलेज सोडायचं ठरवलं होतं. आईवर रागावून. ती आईच्या खोलीत जात नव्हती. आईचा फोटो लावला तो तिने भिंतीकडे फिरवून ठेवला. मी सरळ केला, तिने पुन्हा फिरवला. आईच्या कॉलेजचे लोक जगभरातून ईमेल पाठवत होते, आम्ही तुम्हाला उजेडात धरून आहोत असं लिहीत होते, क्वेकरांची ती प्रार्थना. ऋचा ते न उघडता पुसून टाकत होती.

"इथे एनयूएसला ॲडमिशन बघीन," ती म्हणाली. "नाहीतर जॉब करीन."

"अगं, आईची केवढी इच्छा होती—"

"तेच ना. आईची इच्छा. मरताना पण तिला माझा जीपीए दिसत होता. मी नाही दिसले."

"असं नको बोलूस."

"तूच सांगितलंस ना, बाबा? ती म्हणाली ना, परीक्षा होऊ दे?"

त्या वेळी बोलता आलं असतं. मी म्हणालो, "अगं, आजारी माणूस..."

"मी जाणार नाही. कॅनॉट मीन्स कॅनॉट ला." इथल्या पोरांच्या इंग्रजीत तेवढं म्हणून ती आत गेली.

मला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. मी गप्प राहिलो तर मुलगी आयुष्यभर आईचा राग करणार, तोही न केलेल्या गोष्टीसाठी. बोललो तर या घरात उरलेलं एकच माणूस माझं तोंड बघणार नाही. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि मला वाटत होतं की यातून तिसरा काहीतरी मार्ग निघेल. कुणीतरी मोठं माणूस येईल आणि तिला दोन शब्द सांगेल. ती कॉलेजला परत जाईल, तिथे हळूहळू राग निवेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही.

म्हणून मी धैर्यशीलला फोन केला. धैर्यशील त्याच कॉलेजचा, मधुवंतीच्या मागून सहा वर्षांनी गेलेला. मूळचा साताऱ्याचा, इथे बँकेत, बुकित तिमाहला कॉन्डोत राहतो. मधुवंतीला ताई म्हणायचा, म्हणून मी दाजी.

"तुमच्या कॉलेजात ते बसवतात ना माणसाला मध्ये," मी म्हणालो. "मधू सांगायची. काही ठरत नसलं की चार जण बसतात त्याच्याबरोबर."

"क्लिअरनेस कमिटी."

"हां. ती ऋचासाठी बसवू. तुम्ही तिघं-चौघं या आणि तिला समजावून सांगा."

धैर्यशील म्हणाला, "दाजी, त्यात सांगता येत नाही हो. फक्त विचारता येतं. सल्ला द्यायचा नाही, समजूत काढायची नाही. आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्नसुद्धा विचारायचा नाही."

"मग उपयोग काय?"

"मलाही पहिल्यांदा असंच वाटलेलं."

"विचारा मग. पण असं विचारा की तिला पटेल."

"दाजी, तुम्ही ना..." तो म्हणाला, पण येतो म्हणाला.

कराडला आमच्याकडे अशा वेळी मामाला, थोरल्या आत्याला बोलावतात. सगळे गोल बसतात, मुलाला मध्ये घेतात आणि तासाभरात त्याच्याकडून हो म्हणवून घेतात. मला वाटलं, हेही तेच, फक्त इंग्रजीत.

पाच जानेवारीला, रविवारी सकाळी दहाला ते आले. धैर्यशील, त्याच्याबरोबर शिउ लिंग, आणि रूथ. शिउ लिंग इथलीच, शाळेत शिकवते, तीही त्या कॉलेजची. ऋचा लहानपणापासून तिला आंटी म्हणते. रूथ म्हणजे मधुवंतीची केमिस्ट्रीची प्रोफेसर, एकोणऐंशी वर्षांची. तिचा मुलगा इथल्या विद्यापीठात आहे, म्हणून ती हिवाळ्याचे दोन महिने त्याच्याकडे येऊन राहते. मधुवंतीच्या अंत्यविधीला ती काठी टेकत आली होती आणि मंडाईच्या स्मशानभूमीच्या हॉलमध्ये शेवटपर्यंत उभी होती.

"या, मॅडम," मी म्हणालो.

"रूथ," ती म्हणाली.

"हो, मॅडम."

शिउ लिंग हसली. ऋचाही किंचित हसली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, जमणार.

मी खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवरून करी पफ आणून ठेवले होते. धैर्यशीलने ती डिश उचलून स्वयंपाकघरात नेली. "नंतर, दाजी. आता तोंड भरलेलं नको."

सगळे बसले आणि गप्प झाले. पाच मिनिटं, सात मिनिटं. मला गप्प बसायची सवय नाही. कारखान्यात मशीन गप्प झालं की आम्ही धावतो. खाली कुणी तरी बास्केटबॉल आपटत होतं. ऋचा सोफ्याच्या कडेला हात बांधून बसली होती.

मग रूथ म्हणाली, "ही कमिटी कुणी बोलावली?"

बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं. ऋचा म्हणाली, "मी नाही."

रूथने माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हणालो.

"तुमचा प्रश्न काय आहे?"

"ऋचाने कॉलेजला परत जावं."

"हा प्रश्न नाही," रूथ शांतपणे म्हणाली. "आणि तो निर्णय ऋचाचा आहे. ज्याला स्वतःच्या गोष्टीत पुढचं दिसेनासं होतं, त्याने ही कमिटी बोलवायची असते. दुसऱ्यासाठी बोलवता येत नाही. हे मी येण्याआधीच विचारायला हवं होतं. चूक माझी आहे." तिने काठी हातात घेतली. "ऋचा, माफ कर. आम्ही निघतो."

ती उठायला लागली. धैर्यशील तिला हात द्यायला पुढे झाला. डीनला कळवायच्या शुक्रवारपर्यंत पाच दिवस होते आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ही माणसं दाराबाहेर गेली की मी आणि ऋचा आणि तो फिरवलेला फोटो, एवढंच उरणार होतं.

"माझाच प्रश्न आहे," मी म्हणालो. "मलाच दिसत नाहीये."

रूथ पुन्हा बसली. "मग तुम्ही मध्ये बसा."

धैर्यशील माझ्याकडे वाकून मराठीत म्हणाला, "दाजी, विचार करा हं. इथे बसलं की खरं बोलायचं असतं. नसेल बोलायचं तर पास म्हणा, कुणी राग मानणार नाही. पण मधलं काही चालत नाही."

"बसतो," मी म्हणालो.

रूथ ऋचाला म्हणाली, "तू आत जाऊ शकतेस, किंवा बसू शकतेस. बसलीस तर तुलाही तोच नियम. ज्याचं उत्तर तुला माहीत नाही, तेवढंच विचारायचं."

मला वाटलं ऋचा जाईल. ती म्हणाली, "मी बसते."

डायनिंग टेबलची खुर्ची ओढून मी मध्ये बसलो.

शिउ लिंगने विचारलं, "ऋचा गेली नाही, तर तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"तिचं वर्ष जाईल."

पुष्कळ वेळाने धैर्यशीलने विचारलं, "दाजी, वर्ष गेलं की काय होतं?"

मी माझ्या पेपरची गोष्ट सांगितली. एसटी, वडील, ती अकरा मुलं. सांगताना माझा आवाज बरा लागला. ही गोष्ट मी आधी खूपदा सांगितली आहे.

ऋचा म्हणाली, "आजोबा गेले तेव्हा तुला बोलवायला माणूस आला होता ना?"

रूथने हात वर केला. "ऋचा, याचं उत्तर तुला माहीत आहे?"

"हो."

"मग हा प्रश्न नाही. दुसरा विचार."

पण ती बोलून बसली होती. मी ती गोष्ट तीस-पस्तीस वर्षं सांगत होतो आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. माझा पेपर बुडाला, पण मला बोलावलं होतं. मी वडिलांना खांदा दिला होता. मी पोचलो तेव्हा त्यांना आंघोळ घालत होते, आणि मी त्यांच्या पायावर पाणी ओतलं होतं.

रूथने विचारलं, "मधुवंतीशी बोलायचं तुमचं काय राहून गेलं?"

"पास," मी म्हणालो.

त्यानंतर कुणी बोलेना. दहा मिनिटं गेली असतील. मी माझ्या हातांकडे बघत होतो. मला वाटलं आता संपेल, चहा करू. मग ऋचा बोलली. इंग्रजीत नाही, मराठीत, आणि मोठ्या माणसासारखी नाही.

"बाबा, आईला माझी आठवण आली का रे? शेवटी शेवटी? एकदा तरी?"

तिला खरंच माहीत नव्हतं. तीन आठवडे ती हे विचारायचं टाळत होती आणि त्यावर राग घालून बसली होती. मला पास म्हणता आलं असतं. पास म्हटलं असतं तर तिने त्याचा अर्थ नाही असाच घेतला असता.

"तिने तुला बोलवायला सांगितलं होतं," मी म्हणालो. "परीक्षा होऊ दे असं ती नाही म्हणाली. मी म्हणालो. ती म्हणाली, ऋचाला बोलव. मी नाही बोलावलं."

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. इंग्रजीतही सांगितलं, कारण बाकीच्या दोघी बसल्या होत्या.

"कधी?"

"तीस नोव्हेंबरला. मग पाच डिसेंबरला." तिसरं मी सांगितलं नाही. तोंडात आलं होतं, गिळलं.

मी वाट बघत बसलो. आमच्याकडे असतं तर मामाने थोबाडीत दिली असती, आत्याने कपाळ बडवून घेतलं असतं, मीही रडलो असतो आणि तासाभराने कुणी तरी पाणी दिलं असतं. इथे कुणी काही बोललं नाही. त्यांच्या नियमात बसत नाही. बरं केलंत नाही, वाईट केलंत नाही. रूथने डोळे मिटले होते आणि तिच्या गालावरून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही. मला कुणी तरी शिवी द्यावी असं वाटत होतं.

शेवटी रूथने शेजारी बसलेल्या शिउ लिंगशी हात मिळवला. असंच संपवतात. शिउ लिंगने ऋचाशी मिळवला. धैर्यशीलने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला. मी ऋचाकडे हात केला. तिचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले.

"आंटी," ती म्हणाली, "मी तुझ्याकडे राहू का?"

ती पंधरा मिनिटांत बॅग भरून गेली. करी पफ तसेच राहिले.

सोमवार ते बुधवार मी कामावर गेलो नाही. ऋचाला मेसेज केले, तिने वाचले, उत्तर दिलं नाही. शिउ लिंगने रोज एक ओळ पाठवली, की ती जेवली, की ती झोपली. धैर्यशील संध्याकाळी फोन करायचा. मी त्या दिवसाचं बोलायला गेलो की म्हणायचा, "कमिटीतलं बाहेर बोलायचं नसतं, दाजी. जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"अरे, खोटं कशाला बोलू? नाही जेवलो."

"मग खाली या. मी तुमच्याच ब्लॉकखाली उभा आहे."

आम्ही हॉकर सेंटरमध्ये बसून गप्प जेवलो. मला त्याची त्या दिवसांत फार मदत झाली. पण त्यानेही मला माफ झालं असं म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही.

गुरुवारी, नऊ तारखेला, दुपारी तीनच्या सुमाराला दारात किल्ली फिरली. ऋचा आली. चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि सरळ आईच्या खोलीत गेली. अर्धा तास आत होती. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते. तिने आईचा फोटो सरळ केला.

"डीनला लिहिलं," ती म्हणाली. "जातेय मी. अठराला."

"बरं झालं," मी म्हणालो.

"तुझ्यासाठी नाही जात. आईवर रागावून सोडणार होते. आता तिच्यावर राग नाही, मग सोडू कशाला? तुझ्यावर आहे."

"हो."

"एअरपोर्टला येऊ नकोस."

"बरं."

मला हेच हवं होतं. ती कॉलेजला जात होती, आईबद्दलचा तिचा राग गेला होता. मी खुर्चीत बसून होतो आणि मला उठता येत नव्हतं. मी खरंतर आणखी काही मागायला नको होतं.

तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसली. "आता सांग. नीट. तारखेने. आई काय म्हणाली आणि तू काय म्हणालास. कारणं नकोत मला. कराड नको."

"सांगतो."

"तिचे शब्द."

मी शनिवारचं सांगितलं. मधुवंती उशीला टेकून बसली होती, केस विंचरून दे म्हणाली होती, आणि मी विंचरत असताना म्हणाली. मी काय म्हणालो तेही सांगितलं. मग गुरुवारचं सांगितलं. तेव्हा ती पडून होती आणि तिचा आवाज लहान झाला होता. मी नवीन औषधाचं सांगितलं तेव्हा तिने मान हलवली होती, हो अशी नाही, कळलं अशी.

ऋचा मध्ये बोलली नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं?"

झालं म्हणता आलं असतं. दोनदा हे तिने स्वीकारलं होतं, दोनदा घेऊन ती अमेरिकेला गेली असती. कदाचित वर्षा-दोन वर्षांनी माझ्याशी बोललीही असती. तिसरं कळलं तर बोलेल की नाही, मला माहीत नव्हतं. ते मला आणि मधुवंतीला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मधुवंतीला तर ते खोटं आहे हेही ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "बुधवारी पण. अकरा तारखेला दुपारी. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, ऋचाला बोलव रे. मी म्हणालो, बोलावलंय. निघालीय ती."

ऋचाने मनात तारखा लावल्या असाव्यात. तिला फोन शुक्रवारी आला होता.

"म्हणजे ती वाट बघत होती."

"हो."

"किती वेळ?"

"शुक्रवारी सकाळपर्यंत."

"काही म्हणाली?"

"गुरुवारी सकाळी विचारलं, विमान कुठवर आलं. मी म्हणालो, फ्रँकफर्टला थांबलंय."

"मग?"

"म्हणाली, थंडी असेल तिथे. जाकीट घेतलंय ना तिने."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, घेतलंय."

ऋचाने टेबलावर डोकं ठेवलं आणि ती रडायला लागली. मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. माझा हात तिच्या डोक्यापासून वीतभर लांब होता. मी तो तिथेच ठेवला, पुढे केला नाही. शेजारची बाई दाराबाहेरून जाताना क्षणभर थांबली आणि गेली. मला वाटलं आता ती उठेल, बॅग उचलेल आणि जाईल, आणि मी तिला थांब म्हणणार नव्हतो.

ती उठली नाही. डोकं न उचलता म्हणाली, "पुढे सांग."

पुढे शुक्रवार होता. मी सांगायला लागलो.